वकील बायकोला हरवायला नको, लेकराशी नातं टिकवायला हवा

रांजणगाव एमआयडीसीला लागून असलेल्या कारेगावात मराठवाडा-विदर्भातून आलेले आपले कितीतरी तरुण भाड्याच्या खोल्यांत राहतात. ठेकेदाराकडे पाळीत काम करतात. यातल्या एखाद्याचा संसार मोडतो, बायको लेकरं घेऊन माहेरी जाते आणि एक दिवस कोर्टाची नोटीस येते. मग हा बाप वकील शोधतो कसा? कुणाच्या तरी ओळखीने, कुणाच्या तरी टक्केवारीने. साठवलेले पैसे वकीलपत्रावर सही करतानाच संपतात आणि पुढच्या प्रत्येक तारखेला एक खाडा पडतो.

आमचा सवाल सरळ आहे. जो वकील आपला हक्क म्हणून मिळतो, तो आपण भीक मागितल्यासारखा का शोधतो?

विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ चे कलम १२ वाचा. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. औद्योगिक कामगारालाही याच कलमात हक्क दिला आहे. १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे. म्हणजे जातीचा दाखला हातात असलेला कारेगावचा बौद्ध कामगार दोन्ही दारांनी आत जाऊ शकतो. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे किंवा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा, दाव्यात प्रथमदर्शनी तथ्य दाखवायचे. १५१०० हा मदत क्रमांक आहे. बायकोलाही याच कलमाने वेगळा मोफत वकील मिळतो, आणि तो मिळालाच पाहिजे.

काही जण म्हणतील, फुकटचा वकील लक्ष देत नाही. हा अनुभव खोटा आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण दवाखान्यात डॉक्टर नीट तपासत नाही म्हणून आपण सरकारी दवाखाना बंद करा म्हणतो का? आपण डॉक्टर मागतो. इथेही तेच करा. पॅनलवरच्या वकिलाला पक्षकाराकडून एक रुपयाही घेता येत नाही. मागितला, किंवा तारखेला आलाच नाही, तर समितीकडे लेखी तक्रार करा आणि दुसरा वकील मागा. आणि कामगाराला खाडा न पडता अर्ज देता यावा म्हणून समितीने औद्योगिक वसाहतीत, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी बसावे, ही मागणी कार्यकर्त्यांनी लावून धरावी.

पैसे देऊन वकील करायचा असेल तर आधी दावा कुठे चालणार ते विचारा. हिंदू विवाह कायदा, १९५५ बौद्धांनाही लागू आहे. त्याच्या कलम १९ नुसार लग्न जिथे झाले, नवरा-बायको शेवटचे एकत्र जिथे राहिले किंवा सामनेवाला जिथे राहतो तिथे अर्ज करता येतो. बायकोने अर्ज केला तर ती राहते त्या ठिकाणीही तो चालतो. दावा परभणीला असेल तर शिरूरचा वकील धरून काय उपयोग? मग फी लेखी ठरवा, टप्प्याने द्या, पावती घ्या. निकालावर टक्केवारी ठरवणे वकिलांच्या आचारनियमांत बसत नाही. ‘केस शंभर टक्के जिंकून देतो’ म्हणणाऱ्याच्या पायऱ्या पुन्हा चढू नका.

आता कडू बोलतो. आपल्यातल्या काही तरुणांच्या मोबाईलवर रोज एकच विष येते : कायदे बायकांचे, कोर्ट बायकांचे, पुरुष बिचारा. याच भाषेत बोलणारा वकील त्यांना ‘खमक्या’ वाटतो. तो शिकवतो, पगार कमी दाखव, नोकरी सोड, पोटगी बुडव, ताबा मागून तिला घाबरव. पण रजनेश विरुद्ध नेहा या २०२० च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने पोटगीच्या प्रकरणांत दोघांनाही मालमत्ता आणि उत्पन्नाचे प्रतिज्ञापत्र बंधनकारक केले आहे. तिथे खोटे लिहिले तर अडकणार तुम्ही, वकील नाही. आणि बुडवलेली पोटगी जाते कुणाच्या तोंडातून? लेकराच्याच.

ज्या घटस्फोटाच्या हक्काने आज नवरा कोर्टात उभा राहतो, तो हक्क बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलात स्त्रीच्या सुटकेसाठीही मांडला होता. ते बिल रखडवले गेले आणि २७ सप्टेंबर १९५१ ला बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्यामागचे हे एक मोठे कारण. त्यांचे नाव घेऊन बायकोला कोर्टात तुडवायला निघालेला माणूस आमच्या लेखी मनुस्मृतीच्याच बाजूला उभा आहे. भावकीच्या बैठकीत स्टॅम्पवर फारकत लिहून घेणाऱ्यांनीही ऐकावे : नोटरीचा शिक्का मारला म्हणून लग्न मोडत नाही.

मग बापाचा हक्क काय? पाच वर्षांखालचे मूल साधारणपणे आईकडे राहते, पण १९५६ च्या अज्ञान व पालकत्व कायद्याचे कलम १३ सांगते की मुलाचे हित सर्वांत वर. विवाह कायद्याच्या कलम २६ खाली दावा चालू असतानाही ताबा आणि भेटीसाठी अंतरिम अर्ज करता येतो. तुमच्या वकिलाला पहिल्याच भेटीत विचारा, ‘लेकराच्या भेटीचा अर्ज कधी टाकणार?’ जो या प्रश्नाला बगल देऊन आधी बायकोच्या चारित्र्याकडे वळतो, त्याच्या टेबलावरून कागद उचला. जो आधी मुलाचे वय, शाळा आणि तुमच्या पाळ्या विचारतो, त्याला वकीलपत्र द्या.

वस्तीत जयंतीची वर्गणी गोळा करणारे हात आपल्याकडे भरपूर आहेत. त्यातले दोन हात कलम १२ चा अर्ज भरून द्यायला लागले, तर कारेगावातल्या बापाला मध्यस्थाचे पाय धरावे लागणार नाहीत.

जय भीम!