विमानाचं रूप की विमानाची अक्कल?

लॅम्बोर्गिनी रेव्हेंटॉनचा फोटो पाहिला नाही, असा कारवेडा कॉलेजात सापडणं कठीण. २००७ साली आलेल्या या कारचं रूप लढाऊ विमानांवरून बेतलेलं. अणकुचीदार नाक, मॅट राखाडी रंग, कॉकपिटसारखे स्क्रीन आणि चक्क जी-फोर्स मीटर! विक्रीला फक्त २० गाड्या, किंमत कर सोडून १० लाख युरो.

दिसायला नाद खुळा, वादच नाही. पण इंजिनासकट आतला बहुतेक ऐवज कंपनीच्याच मुर्सिएलागो कारचा. एफ-२२सारख्या विमानाला तिरक्या कडा असतात त्या रडारला चकवायला, म्हणजे कुणाला दिसू नये म्हणून. कारला त्याच कडा दिल्या, सगळ्यांनी वळून बघावं म्हणून. गंमत आहे ना?

माझ्या मते विमानाकडून खरं शिकणं वेगळं. उतरताना ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊन घसरू नये, यासाठीची यंत्रणा १९५०च्या दशकात विमानांत आली. तीच कल्पना पुढे एबीएस म्हणून गाड्यांत रुळली. आपल्याकडे १२५ सीसीच्या वरच्या नव्या बाइकला २०१९ पासून एबीएस सक्तीचं आहे. पावसात अचानक कुत्रं आडवं आलं, तर सावरायला तेच मदत करतं.

रेव्हेंटॉनचं पोस्टर खुशाल लावा. पण सेकंडहँड बाइक बघायला जाल, तेव्हा रंग आणि स्टिकरच्या आधी एबीएस आहे का, ते विचारा. विमानाची एवढी अक्कल आपल्या बजेटमध्ये बसते.