लीड गिटार ऐकू का येत नाही?

मंडळी, गेल्या महिन्यात हैदराबादला गेलो होतो. ज्युबिली हिल्सच्या एका पबात पोरांचा बँड ऐकला. दोन गिटार, कीबोर्ड, बास, ड्रम्स आणि गायक. लीडवाल्या पोराची बोटं सुरेख फिरत होती, ऐकू मात्र काही येईना. त्याने साउंडवाल्याला खूण केली, "वाढव." लीड वाढली, तसा कीबोर्डवाल्यानेही आवाज चढवला, मग दुसऱ्या गिटारने. शेवटी नुसता कल्लोळ!

हा रोग एकट्या हैदराबादचा नाही. आमच्या गोव्यात लग्नाच्या रिसेप्शनला जा, तेच. माझं स्पष्ट मत आहे : लीड बुडते तेव्हा दोष बहुतेक वेळा बाकीच्यांचा असतो.

गिटारचे सूर साधारण ८० ते १३०० हर्ट्झचे, पण तिची धार १००० ते ४००० च्या पट्ट्यात. कीबोर्ड, दुसरी गिटार, झांजा सगळे तिथेच गर्दी करतात. लीडच्या वेळी त्यांना त्या पट्ट्यात थोडं खाली आणा, लीड आपोआप पुढे येते. आमचे वीर मात्र घरी एकट्याने वाजवताना भारदस्त वाटतं म्हणून स्वतःच्याच गिटारचे मधले सूर कापतात आणि वर डिस्टॉर्शन पूर्ण सोडतात. बँडमध्ये उरते ती भुणभुण.

गंमत म्हणजे हा धडा हैदराबाद आणि गोवा यांनी मिळून कधीच दिलाय. शंकर-जयकिशनमधले शंकर हैदराबादेत वाढलेले. त्यांचे अरेंजर सेबॅस्टियन डिसोझा आमच्या रेईश मागूशचे. १९५०च्या दशकात मोनो ध्वनिमुद्रण. एक वाद्य डावीकडे, दुसरं उजवीकडे सरकवायची सोयच नव्हती. तरी व्हायोलिनांच्या ताफ्यात अकॉर्डियनचा तुकडा लख्ख ऐकू येतो. कारण कोणी कधी बोलायचं हे आधी कागदावर ठरलेलं असे. शंकर मूळचे तबलजी. गवई बोल घेत असताना साधा ठेका धरायचा, हे तबलजीला सांगावं लागत नाही.

"पण रॉक म्हणजे दणदणाट हवाच," कोणी म्हणेल. असू दे की! लीडच्या अर्ध्या मिनिटापुरते दुसऱ्या गिटारने जाड कॉर्ड सोडले तर दणदणाट मरत नाही.

पुढच्या तालमीत साउंडवाल्याला खूण करण्याआधी शेजारच्या कीबोर्डवाल्याशी बोला. बघा, फरक पडतो का.