चार पावलं चाल बघू!

मागच्या रविवारी सिंहगड उतरताना माझा डावा पाय असा काही मुरगळला की अख्ख्या ग्रुपसमोर मी बसकणच मारली. रात्रीपर्यंत घोट्याचा पार बटाटेवडा! सोमवारी बाबा म्हणाले, ‘चल, एक्स-रे काढून टाकू.’ मलाही तेच हवं होतं. एक्स-रे निघाला की कसं, काहीतरी सॉलिड झालंय असं वाटतं. (डेडलाइन पुढे ढकलायलाही बरा.)

डॉक्टरांनी आधी माझे शूज मागितले. उलटे करून सोल कुठून झिजलाय ते पाहिलं. मग दोन्ही पाय गुडघ्यापर्यंत उघडे करायला लावले.

‘दुखतोय तो एकच,’ मी.

‘म्हणून तर दुसरा बघायचा. तुझं नॉर्मल काय, ते तोच सांगणार.’

उभं करून मागून टाचा पाहिल्या. पालथं झोपवून पोटरी दाबली. पाऊल आपोआप खाली हललं, म्हणजे टाचेमागचा अ‍ॅकिलीस टेंडन शाबूत. मग बोटानं हाडं दाबत गेले. बाहेरच्या घोट्याची मागची कड, टोकापासून वर सहा सेंटिमीटर. आतल्या घोट्याची तशीच. पावलाच्या बाहेरच्या कडेला, मध्यावरचा उंचवटा. आतल्या बाजूला कमानीवरचं छोटं हाड. मी किंचाळले ती घोट्याच्या जरा पुढे आणि खाली. तिथे हाड नाही, लिगामेंट असतं.

‘आता चार पावलं चाल बघू. लंगडलीस तरी चालेल. काल पडल्यावर चालली होतीस?’

‘हो, गाडीपर्यंत.’

‘मग एक्स-रे नको.’

एवढंच? घरी येऊन शोधलं, तर ही खरोखरच एक पद्धत निघाली. कॅनडातल्या ओटावाच्या इयन स्टील आणि सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये मांडलेली. ठरावीक हाडांवर दाबून दुखत नसेल आणि चार पावलं टाकता येत असतील, तर फ्रॅक्चरची शक्यता फारच कमी.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. क्रेप बँडेज बांधता बांधता डॉक्टरांची नजर बाबांच्या पायांकडे गेली.

‘काका, शुगर आहे?’

‘अकरा वर्षं. गोळ्या चालू आहेत.’

‘पाय कुणी तपासलेत?’

‘पायांना काय झालंय? कधी दुखतसुद्धा नाहीत!’

डॉक्टर काही बोलले नाहीत. ड्रॉवरमधून मासे पकडायच्या दोरीसारखा नायलॉनचा एक तंतू काढला. दहा ग्रॅम दाब पडला की तो वाकतो. आधी बाबांच्या हातावर टेकवून दाखवला. ‘आता डोळे मिटा, पायाला लागलं की हो म्हणा.’

तंतू अंगठ्याला टेकला, वाकला. बाबा गप्प. चवड्याला टेकला, वाकला. गप्पच. मी श्वास रोखून बघत होते.

‘करा ना सुरू, डॉक्टर,’ बाबा डोळे मिटूनच म्हणाले.

करंगळीच्या बाजूला नव्या सँडलनं फोड आला होता, फुटलेला. तोही त्यांना माहीत नव्हता. पायातल्या दोन्ही नाड्या मात्र नीट लागल्या. फोडावर ड्रेसिंग झालं. अनवाणी फिरायचं नाही, घरातसुद्धा. चप्पल-बूट घालण्याआधी आत हात फिरवायचा, तळवे रोज बघायचे आणि ही तपासणी दर वर्षी करायचीच.

माझा मेकअपचा आरसा आता बाबांकडे आहे. रात्री टीव्ही म्यूट करून ते तो तळव्याखाली धरतात. काल लंगडत मी पाणी प्यायला उठले, तर मला हाक मारली.

‘अगं, चष्मा लावून बघ जरा. हे लाल आहे, की लाइटमुळे दिसतंय?’