सात हजार कोयना आणि एक वादळ



समुद्राचे खोलवरचे थंड पाणी पंपाने वर आणून चक्रीवादळाचा जोर मोडावा, असे मागच्या अंकातील पत्रलेखकाने सुचवले आहे. विचार अगदीच खुळा नाही. पृष्ठभागाचे पाणी साधारण 26.5 अंशांहून गरम असले की वादळाला बळ मिळते. गडबड आहे ती हिशेबात.

मायामी विद्यापीठातील संशोधकांनी 2022 मध्ये हा हिशेब संगणकावर मांडला. 2,60,000 चौरस किलोमीटर समुद्र, म्हणजे महाराष्ट्राहून थोडा लहान, 2 अंशांपर्यंत थंड केला, तरी वादळ जेमतेम 15 टक्क्यांनी मंदावले. त्यासाठी गार करायचे पाणी 21,000 घनकिलोमीटर! कोयना धरण 105 टीएमसीचे. तशी सुमारे सात हजार धरणे भरतील. पावसाळ्यात कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची पातळी फुटाफुटाने मोजणाऱ्या आम्हा बावडेकरांना या आकड्याने घाम फुटावा.

शिवाय खोल पाण्याबरोबर पोषक द्रव्ये आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइडही वर येतो. शेवाळ माजले तर मासेमारीचे काय?

वादळाशी झुंजण्याचा प्रयत्न पूर्वीही झाला आहे: अमेरिकेने ढगांत सिल्व्हर आयोडाइड फवारून वादळे नरमवण्याचा 'स्टॉर्मफ्युरी' प्रकल्प 1962 पासून दोन दशके चालवला आणि 1983 मध्ये गुंडाळला.

3 जून 2020 रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा विजेचे खांब आडवे झाले आणि श्रीवर्धन-दापोलीकडची गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. पंपांचे पैसे तिथल्या भूमिगत वीजवाहिन्यांना आणि निवारा केंद्रांना द्यावेत, ही पत्रलेखकाला उलट सूचना.

— एक वाचक, कसबा बावडा, कोल्हापूर