पंप कमरेला, जाण वर्गाला



पंप म्हटले की वाशीम जिल्ह्यातील मुलांच्या डोळ्यांसमोर विहिरीवरची मोटार येते, नाहीतर सोयाबीनवर फवारणी करणारा पाठीवरचा पंप. आणखी एक पंप आहे. तो कमरेला लावतात आणि तो शरीराला इन्शुलिन देतो.

पहिल्या प्रकारच्या मधुमेहात शरीराचीच संरक्षणयंत्रणा स्वादुपिंडातील इन्शुलिन बनविणाऱ्या पेशी नष्ट करते. हा रोग गोड खाल्ल्याने होत नाही आणि स्पर्शाने पसरत नाही. इन्शुलिन हे प्रथिन असल्याने तोंडाने घेतले तर पचून जाते. म्हणून ते टोचावे लागते. १९२२ साली टोरांटो येथे १४ वर्षांच्या एका मुलाला ते प्रथम टोचण्यात आले. त्यापूर्वी अशी मुले फार काळ जगत नसत.

पंपाचे काम ठिबक सिंचनासारखे चालते. कातडीखालच्या बारीक नळीतून दिवसरात्र थोडेथोडे इन्शुलिन झिरपते. जेवणापूर्वी बटण दाबून जादा मात्रा घेतात. नळी दर दोन-तीन दिवसांनी बदलतात. रोजचे टोचणे वाचते.

मग प्रश्न सुटला? माझ्या मते नाही. भाकरी किती खाल्ली, कबड्डी किती खेळली, याचा हिशेब माणसालाच ठेवावा लागतो. साखर फार उतरली तर घाम फुटतो, हातपाय थरथरतात, मन गोंधळते. उलट, नळी वाकली तर काही तासांतच रक्तात घातक आम्ले साचू लागतात. म्हणून साधी सिरिंज जवळ हवीच. शिवाय आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि तापलेले इन्शुलिन निकामी होते.

असा पंप लाखांच्या घरात जातो. तो सर्वांना परवडणार नाही. पण वर्गातील जाणीव फुकट मिळते, आणि ती पंपवाल्याला व सुईवाल्याला सारखीच लागते. गुरुजी, अशा मुलाला तासाला खाऊ द्या, पाणी पिऊ द्या, बाहेर जाऊ द्या. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ मध्ये परीक्षेतही खाऊ जवळ ठेवण्याची मुभा दिली. मग रोजच्या वर्गात अडचण कसली?

आणि मित्रांनो, तो घामाघूम झाला तर हसू नका. शुद्धीवर असेल तर लगेच साखर किंवा ग्लुकोज द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता दवाखान्यात न्या. यंत्र इन्शुलिन देईल. सोबत तुम्हीच द्यायची आहे.