आभाळाची कृपा

देव देतो तेव्हा छप्पर फाडून देतो, असे आपण म्हणतो. पण दर खेपेस देणारा देवच असतो असे नाही. जानेवारी २०१८ मध्ये हरियाणातल्या गुरुग्रामजवळ, फाजिलपूर बादली गावी, शेतात दहा-बारा किलोंचा बर्फाचा धोंडा धाडकन आदळला. परग्रहावरून काही आले, अशी कुजबुज झाली आणि काहींनी तुकडे घरी नेऊन चक्क फ्रिजमध्ये ठेवले! अधिकाऱ्यांचा तर्क निघाला, की हे विमानातल्या संडासाचे गोठलेले पाणी.

मला मात्र हसू आले नाही. डिसेंबर २०१५ मध्ये मध्य प्रदेशातल्या सागर जिल्ह्यात असाच धोंडा पडून एका साठीच्या बाईंचा खांदा जायबंदी झाला होता. तिथेही संशय विमानावरच होता.

वैमानिक मुद्दाम घाण टाकतो हा समज तेवढा खोटा. ती टाकी विमानतळावर, बाहेरच्या झडपेतूनच रिकामी होते. पण झडपेचे रबर झिजले, की पाणी झिरपते. अकरा किलोमीटर उंचीवर थंडी उणे पन्नासच्याही खाली. तिथे थेंबाथेंबाचा धोंडा होतो. जंतुनाशकामुळे तो निळसर दिसतो. विमान उतरू लागले, ऊब लागली, की तो सुटतो. खुद्द विमानालाही तो सोडीत नाही. जानेवारी १९९० मध्ये अमेरिकेत फ्लोरिडावरून जाणाऱ्या एका बोइंग ७२७चे इंजिन अशा बर्फाच्या तडाख्याने निखळून पडले! उतारू सुखरूप उतरले, हे नशीब.

आपल्याकडे राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये अशा घाणीबद्दल ५०,००० रुपये दंड सांगितला. उत्तम! पण दंड करायचा कोणाला? विमान केव्हाच पुढे गेलेले असते आणि पुरावा वितळून जातो. खांदा दुखतो तो मात्र खालच्याचा. सारा दोष एका झिजलेल्या रबराचा. ते वेळच्या वेळी बदलले, तर ना दंड लागेल, ना लवाद.

तोवर, वाचकहो, निरभ्र आकाशातून एकच मोठा धोंडा पडला तर ती गार समजू नका. उघड्या हाताने शिवू नका, मुलांना लांब ठेवा. बरोबर वेळ टिपा, फोटो काढा आणि पोलिसांना कळवा. वेळ कळली, तर कोणते विमान वरून गेले याचा माग काढता येतो. वितळणाऱ्या पुराव्यापुढे आपल्या हाती तेवढेच आहे. आणि कृपा करून, फ्रिज दूध-लोण्यासाठीच राहू द्या!