साहस की स्वस्त श्रमांची भरती?

पदवीधर तरुणाने एकट्याने परदेशी जावे, काम करावे, जग पाहावे, या ‘साहसा’चे गोडवे भांडवली वृत्तपत्रे अखंड गात असतात. जग पाहण्याच्या इच्छेत गैर काहीच नाही. प्रश्न आहे तो तिचा लाभ कोण उठवतो, हा.

ऑक्टोबर २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियाने भारतीय तरुणांसाठी ‘काम आणि सुट्टी’ व्हिसाची सोडत सुरू केली. जागा अवघ्या १०००. पहिल्या दोन आठवड्यांतच अर्ज सुमारे ४०,०००! हा साहसाचा उत्साह की मायदेशातील बेकारीचा दाखला?

आणि सुट्टी तरी कसली? दुसऱ्या वर्षाची परवानगी हवी, तर आडभागात शेती, बांधकाम अशा नेमून दिलेल्या कामांत तीन महिने राबणे भाग आहे. तेथील मळ्यांत तोडलेल्या मालावर मजुरी मोजण्याची पद्धत. तिला किमान वेतनाची हमी जोडली गेली ती नोव्हेंबर २०२१ च्या निर्णयाने. तो मालकांच्या औदार्यातून आला नाही. ऑस्ट्रेलियन वर्कर्स युनियनने तो झगडून मिळवला.

परदेशी निघालेल्या तरुणांनी हा धडा सोबत न्यावा व पोहोचताच युनियनचे सभासद व्हावे. मायदेशी राहणाऱ्यांनी राज्यकर्त्यांना खडसावून विचारावे: सोडत हेच का तुमचे रोजगार धोरण?